महिन्याला नऊ हजारांत चौघांचे सकस जेवण कसे बसवावे?

अबोली, विक्रोळी

नमस्कार. घरखर्च कमी करण्यावर इथे पूर्वी बरीच चर्चा झाली आहे आणि ती मी वाचली आहे. खर्च कमी कसा करावा हा माझा प्रश्न नाही, तो मी केला आहे. तो करताना घरातल्या माणसांच्या खाण्यातला कस निघून गेला, तो परत कसा आणावा, हे मला विचारायचे आहे.

आम्ही घरात चौघे आहोत. मी, यजमान, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि चौथीत शिकणारी मुलगी. यजमानांचा पगार या वर्षी कमी झाला. घराचा हप्ता आणि सासूबाईंची औषधे यांना हात लावता येत नाही, त्यामुळे पूर्वी ज्या स्वयंपाकघरावर १३,००० रुपये खर्च होत असत, ते आता ९,००० रुपयांत चालवावे लागत आहे. गॅस पाइपचा आहे आणि त्याचे बिल यात धरलेले नाही.

गेल्या महिन्याचा हिशेब असा आहे : रोज दीड लिटरप्रमाणे दुधाचे २,६००, वाणसामानाचे ३,९००, भाजीचे १,४००, अंडी आणि एकदा आणलेले मांदेली मिळून ३०० आणि बिस्किटे, टोस्ट, फरसाण यांचे ८०० रुपये. वाणसामानात पंधरा किलो तांदूळ, बारा किलो गहू, पाच लिटर तेल, पाच किलो साखर, एक किलो शेंगदाणे आणि सगळ्या डाळी मिळून तीन किलो होत्या. बाकीचे चहा, मसाले, पोहे, रवा असे किरकोळ सामान होते.

पूर्वी एक वाटी तूरडाळ शिजवली की दोन वेळांची आमटी होत असे. आता त्याच वाटीत मी तीन वेळा भागवते. पोळीबरोबर बटाटा आणि भाताबरोबर ही पातळ आमटी, असे आमचे बहुतेक दिवस जातात. पोटे भरतात, म्हणून माझ्या काही लक्षात आले नाही. मुलगी सतत दमते म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन १०.२ निघाले. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले आणि मुलीला सकस खायला द्या असे सांगितले. घरी येताना माझ्या पिशवीत बटाटे होते, आणि ते घरात काढून ठेवताना मला फार अपराधी वाटले.

याच पैशांत काय बदलता येईल? आम्ही मासे, अंडी खातो, परंतु सासूबाई श्रावण आणि मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात. आपल्या घरात प्रत्यक्ष जे चालते तेच कृपया सांगावे.

हिशेबनीस, कुर्ला

अबोलीताई, तुम्ही हिशेब इतका नीट मांडला आहे की उत्तर त्यातच सापडते. त्यात मला सर्वांत जास्त खटकली ती तीन किलो डाळ.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २,००० कॅलरींच्या रोजच्या आहारात डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, मांस हे सर्व मिळून ८५ ग्रॅम असावे असे म्हटले आहे. चार माणसे आणि तीस दिवस धरले तर हे दहा किलोंच्या वर जाते. मुलगी आणि आजी थोडे कमी खातील आणि काही भाग अंडी-मासे भरून काढतील असे मानले, तरी महिन्याला आठ किलो डाळी-कडधान्ये घरात यायला हवीत. तुमच्याकडे तीन येतात. हात आखडता घ्यायची वेळ आली की आपण सर्वांत आधी डाळ कमी करतो, कारण तिचा भाव डोळ्यांत भरतो. चहाबरोबरच्या बिस्किटांचा भाव तसा भरत नाही, कारण ती दहा-दहा रुपयांच्या पुड्यांनी घरात येतात.

आता हाच पैसा फिरवून पाहू. त्याच तत्त्वांत तेला-तुपाचे प्रमाण माणशी दिवसाला २७ ग्रॅम दिले आहे, म्हणजे चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल पुरते. तुम्ही पाच लिटर आणता. दीड लिटर कमी झाले तर आमच्याकडच्या भावाने सव्वादोनशे रुपये वाचतात. साखर अडीच किलोंवर आणली तर शंभर-सव्वाशे वाचतील आणि सासूबाईंच्या दृष्टीनेही ते बरे होईल. बिस्किटे-फरसाण दीडशे रुपयांपुरते ठेवले तर साडेसहाशे सुटतात. दूध दीड लिटरऐवजी एक लिटर घेतले आणि मुलीचा पेला तसाच ठेवून चहा दोन वेळांपुरता मर्यादित केला, तर आणखी ८७० रुपये हाती येतात. हे सर्व मिळून अठराशेच्या वर जाते.

त्यातून पाच किलो जादा कडधान्ये घ्यावीत. मसूर, हरभरा, मटकी, हिरवे मूग, कुळीथ, वाटाणा असे मिश्र घेतले तर मला सरासरी किलोला ११० रुपये पडतात, म्हणजे हे साडेपाचशे झाले. साठ अंड्यांचे सव्वाचारशे आणि दीड किलो जादा शेंगदाण्यांचे दोनशे दहा धरले, तरी साडेसहाशेच्या वर रक्कम भाजी आणि फळांसाठी उरते. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा माझे आकडे बाजूला ठेवून तुमच्या वाण्याच्या भावाने हीच आकडेमोड करून पाहावी. रक्कम थोडीफार बदलेल, पण डाळीला पैसे नाहीत असे काही निघणार नाही.

शिधापत्रिकेचेही पाहून घ्यावे. प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळते, परंतु शहरी भागात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. घराचा हप्ता चालू आहे, त्यावरून तुम्ही त्यात बसत नसाल असे वाटते.

मालतीबाई, लालबाग

अबोली, तू माझ्या सुनेच्या वयाची असशील म्हणून एकेरीत लिहिते आहे, राग मानू नकोस.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षे झाली होती आणि मोठा मुलगा रांगत होता. यजमान गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. संप दोन-चार आठवड्यांत मिटेल असे सगळेच म्हणत होते, म्हणून पहिले दोन महिने आम्ही पूर्वीसारखेच खाल्ले आणि वाण्याची उधारी चढवली. हे आधी सांगते, कारण तू दुसऱ्याच महिन्यात हिशेब मांडायला बसलीस आणि आम्ही बसलो नव्हतो.

सासूबाई खानावळ चालवत असत. जेवायला येणारे बहुतेक गडी संपात गावी निघून गेले आणि खानावळ बंद पडली, पण वीस माणसांचा स्वयंपाक मापात करण्याची त्यांची सवय आमच्या कामी आली. त्यांचा एक नेम होता आणि तो मी आजही पाळते. सकाळी चूल पेटायच्या आधी आज कडधान्य कोणते, हे ठरलेले असायचे. भाजी बाजारात जी स्वस्त असेल ती चालायची, नसली तरी चालायची, पण कडधान्य ठरलेले. सोमवारी मटकी भिजत पडली की बुधवारी तिची उसळ व्हायची आणि ती ताटात जायच्या आत पुढचे काहीतरी भिजत पडलेले असायचे. मोड आल्याने मटकी फुगते आणि वाटीभरात चौघांचे भागते. तू आमटी पाणी घालून वाढवलीस, त्याऐवजी उसळ मोड आणून वाढव.

गावाहून गाठोड्यात कुळीथ आणि नाचणी येत असे, त्यावर आम्ही ते वर्ष काढले असे म्हटले तरी चालेल. कुळथाची पिठी तू करतेस का? चौघांना अर्धी वाटी पीठ घ्यावे आणि ते आधी थंड पाण्यात कालवून ठेवावे. पळीभर तेलात लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून लाल होऊ द्याव्यात, त्यावर मिरची आणि कांदा परतावा, मग साडेतीन वाट्या पाणी आणि तीन-चार आमसुले घालावीत. पाण्याला उकळी फुटायच्या आत कालवलेले पीठ ओतून ढवळत राहावे, नाहीतर गुठळ्या होतात, आणि पिठी उतू जाते म्हणून तिथून हलू नये. वीस मिनिटांच्या आत जेवण तयार होते.

पावसाळ्याच्या आधी थोडी सुकट आणि जवळा भरून ठेव. जून आणि जुलै असे दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ओल्या मासळीचे भाव आपल्याला परवडत नाहीत. मूठभर जवळा कांद्यात परतला की भाकरी सुखाने जाते. एरवी ओले मासे घ्यायचे तर पापलेट-सुरमईच्या वाटेला न जाता तारली, मांदेली, बांगडे यांचा वाटा घ्यावा.

आता जे मनापासून सांगायचे आहे ते सांगते. तू चौघांचे लिहिलेस, पण तुझ्या ताटात काय असते ते लिहिले नाहीस. संपाच्या दिवसांत आम्ही सुना शेवटी जेवायला बसायचो आणि पातेल्याच्या तळाशी जे उरेल त्यात भात कालवायचो. कोणी सांगितले नव्हते, तशीच रीत होती. दुसरे बाळंतपण झाले तेव्हा मला दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. घरात पैसा आटला की पहिली कात्री बाईच्या ताटाला लागते आणि ती बाईच लावते. तू मुलीला वाढशील त्याच वेळी तुझी वाटी भरून बाजूला काढून ठेव.

रोजची ८.१२, भांडुप

मी कामानिमित्त दादरला उतरतो, म्हणून भाजीपुरतेच लिहितो. तुमच्या यजमानांचा रेल्वेचा पास असेल आणि दादरवरून जाणे-येणे होत असेल, तर आठवड्यातून एक दिवस पहाटेची गाडी पकडून स्थानकाबाहेरच्या बाजारातून भाजी घ्यावी. पहाटे तिथे घाऊक भाजी उतरते आणि घराजवळच्या हातगाडीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. अडचण एवढीच आहे की विक्रेते अडीच किंवा पाच किलोंच्या खाली देत नाहीत. आमच्या मजल्यावरची तीन कुटुंबे मिळून आम्ही लाल भोपळा, कोबी, दुधी, कांदे असे टिकणारे घेतो आणि वाटून घेतो. पालेभाजीच्या जुड्या मात्र घराजवळ रोज घ्याव्यात.

पावसाळ्यात आदिवासी बायका स्थानकाबाहेर टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात. त्या भाज्या आठवड्यातून दोनदा तरी घ्याव्यात. शेवग्याचे झाड तुमच्या वसाहतीत असेलच. शेंगा उतरवायला लोक येतात, पाला मात्र कोणी नेत नाही.

धान्य घाऊक घ्यावे का, यावर माझा अनुभव वाईट आहे. वाशीच्या बाजारातून दोघा भावांत मिळून तीस किलो तूरडाळ आणली होती. दहा बाय बाराच्या खोलीत, पावसाळ्यात, पलंगाखाली ठेवलेल्या त्या डाळीला ऑगस्टमध्ये कीड लागली आणि जेवढे वाचवले होते त्यापेक्षा जास्त टाकावे लागले. जागा आणि ऊन दोन्ही असेल तरच एकदम घ्यावे, नाहीतर महिन्याचे महिन्याला आणावे. आता मी पाच किलोच आणतो, तिला एरंडेलाचा हात लावतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो.

आहारसल्ला, परळ

मी अनेक वर्षे सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आहाराविषयी सल्ला देत आले आहे. आधी मुलीविषयी लिहिते, कारण ते सर्वांत निकडीचे आहे.

पाच ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. १०.२ घाबरून जाण्यासारखे नाही, परंतु नुसत्या खाण्याने ते लवकर भरून येत नाही. त्यामुळे खजूर आणि बीट सुरू केले म्हणून औषध बंद करू नये. डॉक्टरांनी सांगितले असेल तितके दिवस ते पूर्ण द्यावे आणि नंतर रक्त पुन्हा तपासावे. शाळांमध्ये फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी देतात, ती मुलीने घेतली होती का, तेही विचारून घ्यावे, कारण जंत असले तर दिलेले लोह अंगी लागत नाही.

कडधान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही, त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची सोबत लागते. उसळीवर लिंबू पिळणे ही आपल्याकडे चवीची गोष्ट समजली जाते, प्रत्यक्षात ती लोहासाठी फार मोलाची आहे. लिंबू महाग असेल त्या दिवसांत पेरू किंवा आवळा जेवणाबरोबर द्यावा. याच्या उलट चहा लोहाचे शोषण अडवतो. मुलगी जेवणानंतर घोटभर चहा घेत असेल तर तो बंद करावा आणि तुम्ही स्वतःही जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. कोंबडीची कलेजी मांसापेक्षा स्वस्त मिळते आणि तिच्यातले लोह सहज शोषले जाते. आठवड्यातून एकदा शंभर-दीडशे ग्रॅम आणली तरी मुलीला पुरेल.

शाळा अनुदानित असेल तर दुपारचे पोषण आहाराचे जेवण तिथे मिळते. पहिली ते पाचवीसाठी त्यात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असावीत असा नियम आहे. पुष्कळ आया तो डबा कमीपणाचा समजून मुलांना घरून पोळी-जॅम देतात. त्या खिचडीत डाळ असते, ती मुलीला अवश्य खाऊ द्यावी.

मालतीबाईंनी शेवटी जे लिहिले आहे त्यात मला एक शब्दही बदलावासा वाटत नाही. बाह्यरुग्ण विभागात मी मुलाचा कागद पाहते तेव्हा आईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहते, आणि बहुतेक वेळा ती मुलापेक्षा फिकी असते. अबोलीताई, तुम्हीही एकदा रक्त तपासून घ्या. पिठीबाबत मात्र त्यांची क्षमा मागून थोडी दुरुस्ती सुचवते. अर्ध्या वाटीत चौघे बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रथिने फार थोडी येतात. वाटीभर पीठ घ्यावे आणि पिठी दाट करावी. ती पोळीपेक्षा भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर चांगली लागते, आणि धान्य व कडधान्य एकत्र आल्याने दोघांतली प्रथिनांची उणीव एकमेकांकडून भरून निघते.

सासूबाईंसाठी सुकट शक्यतो टाळावी, कारण रक्तदाबाला तिच्यातले मीठ चालत नाही. करायचीच झाली तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी आणि वरून मीठ घालू नये. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे दूध थोडे कमी झाले तरी ती घरात असावी. परंतु मधुमेह असताना पातळ आंबिलीपेक्षा भाकरी बरी, कारण आंबील लवकर पचते आणि साखर चढते. त्यांच्या ताटात भात मुठीएवढा आणि उसळ वाटीभर, असे प्रमाण उलटे करून पाहावे.

अबोली, विक्रोळी

तुम्हा सर्वांचे उत्तर मी यजमानांना आणि सासूबाईंना वाचून दाखवले. मालतीबाई, तुमचे वाचताना सासूबाई मध्येच उठून आत गेल्या आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या की उद्यापासून आपण दोघी मुलीबरोबरच जेवायला बसू. त्यांनीही कधीतरी पातेल्याच्या तळाचा भात खाल्लेला आहे, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळले.

शिधापत्रिकेबाबत हिशेबनीस यांचा अंदाज बरोबर आहे, आम्ही त्या मर्यादेत बसत नाही. त्यांची आकडेमोड मी आमच्या वाण्याच्या भावाने केली तेव्हा त्यांच्यापेक्षा शंभर-सव्वाशे रुपये कमी सुटले, कारण इथे मटकी महाग आहे. म्हणून मटकी एक किलो आणि मसूर, हरभरा जास्त असे घेतले. काल हरभरे भिजत घातले आहेत. दुधाबाबत यजमान आधी तयार नव्हते, पण तिसरा चहा त्यांनी स्वतःहून सोडला. शेवग्याच्या पाल्याचे आमच्या इमारतीच्या रखवालदाराला विचारले, तर तो म्हणाला की हवा तेवढा न्या, झाडून टाकण्याचा त्रास वाचेल.

आहारसल्ला ताई, एक शंका राहिली आहे. मुलीला औषधाची चव आवडत नाही म्हणून मी ते रात्री दुधातून देत आले. ते चालेल का?

आहारसल्ला, परळ

नाही, तेवढे आजच बदलावे. दुधातले कॅल्शियम लोहाच्या आड येते, त्यामुळे दिलेल्या औषधाचा बराचसा भाग वाया जातो. जेवणाच्या तासभर आधी लिंबाच्या पाण्यातून द्यावे. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर दिले तरी चालेल, फक्त दुधाचा पेला दोन तासांनी द्यावा. औषध दिल्यावर चूळ भरायला सांगावी, म्हणजे दात काळे पडत नाहीत. शौचाला काळसर होईल, त्याने घाबरू नये. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा आतापर्यंत दुधातून दिले होते हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण पुढचे प्रमाण ते त्यावरून ठरवतील.